ओळखपरेड

“हे काय आहे?” कंपनीच्या फाटकावर शिसोदेसाहेबांनी विचारलं.

“भाजी हाय,” छबूताई म्हणाली.

“कसली?”

“अंबाडीची. रानातली. इथून बहिणीकडं जायचंय, तिला नेतेय.”

शिसोदेसाहेबांनी जुडीतली एक फांदी दोन बोटांत धरून वर उचलली, मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना दिसेल इतकी वर. पसरलेल्या पंजासारखं पान, कडेला बारीक दाते. रांगेतली कुजबुज थांबली. त्या आकाराचं पान आमच्या कंपनीत कशाचं असतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दिवसभर त्यांचे हात त्याच झाडाला लागलेले असत.

“केबिनमध्ये चला.”

“सायब, अंबाडी हाय ती.”

“बघू ना काय आहे ते. चला.”

पाळी सुटली होती आणि मी प्रयोगशाळेतून कँटीनकडे निघाले होते. छबूताई सुकवणीच्या विभागात कामाला होती, ठेकेदाराकडून आलेली, पन्नाशीची बाई. तिची पिशवी सकाळपासून फाटकाजवळच्या कपाटात होती. आत काही नेण्याची सोयच नव्हती. आत जाताना बायका अंगावरचे कपडे बदलून कंपनीचे घालत, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, पायांत पिशव्या, आणि बाहेर येताना सगळं तिथेच उतरवत. त्या पिशवीत आतलं पान येणार कुठून?

मी पुढे झाले, फांदीचं एक पान खुडलं आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकलं. दात शिवशिवावेत इतकं आंबट. दुसरं खुडून शिसोद्यांपुढे धरलं.

“खाऊन बघा, साहेब.”

“मॅडम, जप्त मालाला हात लावायचा नसतो,” ते शांतपणे म्हणाले आणि छबूताईला पुढे घालून केबिनकडे निघाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सिन्नरच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. बाहेरून ती शीतगृहासारखी दिसायची, एक खिडकी नाही. आत औषधासाठी गांजा पिकवत. रीतसर परवानगी होती आणि माल जर्मनीतल्या एका औषध कंपनीला जायचा होता. दुखण्यानं रात्र रात्र जागणाऱ्या रोग्यांसाठी त्या फुलांचं औषध होणार होतं, त्यामुळे शेती असली तरी शेतीचं काहीच तिथे नव्हतं. माती नाही, ऊन नाही. निवडलेल्या मूळ झाडाच्या फांद्या कापून रोपं करायची आणि दिव्यांखाली वाढवायची. दिव्यांचाच दिवस आणि दिव्यांचीच रात्र. हवा गाळून आत यायची, पाणी गाळून यायचं, माणूससुद्धा गाळूनच आत जायचा. एका खोलीत बुरशीचा ठिपका दिसला म्हणून डोळ्यांत भरेल असं पीक मी जाळायला लावलं होतं. मी गुणवत्ता विभागाची प्रमुख होते. माझी सही नसेल तर चिमूटभर फूलही बाहेर पडत नसे.

प्रत्येक खेपेच्या चाचण्या होत. जंतू, बुरशी, कीटकनाशक, शिसं, आणि सगळ्यांच्या आधी ओळख. म्हणजे हे झाड खरोखर तेच झाड आहे ना, हे सिद्ध करायचं. पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, त्यावरची लव बघायची. गांजाच्या लवेच्या बुडाशी चुन्याचा बारीक खडा असतो. उत्पादनातली मुलं हसायची. आपल्याच कुलूपबंद खोलीत आपणच लावलेलं झाड, ते दुसरं काय असणार? मी कधी हसले नाही आणि ती चाचणी कुणाला उरकूही दिली नाही.

माझं नाव रमीला गेमसिंग पावरा. गाव सागपाणी, सातपुड्यात. मी सातवीत असताना माझ्या बापाला गांजाच्या केसमध्ये धरून नेलं. तेव्हापासून आश्रमशाळेत मी गांजावाल्याची पोर झाले. बापाला नेणारे पोलीस अधिकारी होते शिसोदे. पुढे ते बढत्या घेत निवृत्त झाले आणि आमच्या कंपनीनं त्यांना सुरक्षाप्रमुख म्हणून आणलं. गांजा पकडण्यात हयात गेलेला माणूस फाटकावर असला की सरकारलाही बरं वाटतं आणि गिऱ्हाइकालाही. ते रुजू झाले त्या दिवशीच मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या ओळखपत्रावर ‘रमीला जी. पी.’ एवढंच होतं, ते मीच तसं करून घेतलं होतं. त्या माणसाबद्दल मी मनात एक समजूत बाळगून होते. तिच्या जोरावर मी त्यांना रोज सकाळी नमस्कार करत होते.

मी केबिनमध्ये गेले तेव्हा छबूताई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. प्लँटचे प्रमुख नचिकेत गुर्जर धावत आले होते. जर्मनीहून तपासणीला माणसं परवा येणार होती, त्यामुळे गुर्जरांचं आठवडाभर जेवणाकडे लक्ष नव्हतं.

“काही मोठं नाही, सर,” शिसोदे त्यांना समजावत होते. “मागच्या वेळी त्या लोकांनी काय विचारलं होतं? वर्षभरात तुमच्या फाटकावर एकही घटना कशी नाही? आता दाखवायला आहे. संशयास्पद पाला सापडला, बाईला कामावरून थांबवलं, नमुना प्रयोगशाळेत दिला. आपली सुरक्षा जागी आहे हे दिसतं.”

“आणि ही?” मी छबूताईकडे बोट केलं.

“चार दिवसांचाच प्रश्न आहे, रमीला,” गुर्जर म्हणाले. “तू तपासून देशील, ती निर्दोष निघेल, येईल कामावर. सगळ्यांचंच काम होतं.”

“मी आत्ता तपासून देते.”

“आत्ता नको,” ते घाईनं म्हणाले.

“मॅडम, मी बसते घरी चार दिस,” छबूताई हळूच म्हणाली. “माझं काय जातंय?”

“तुमचं नाव जातं, ताई.” मग मी शिसोद्यांकडे वळले. “साहेब, तुम्ही मूळचे कुठले?”

“खानदेशातलेच आम्ही.”

“खानदेशातले, आणि अंबाडी ओळखता येत नाही?”

ते हसले. खरंच मनापासून हसले, एखाद्या लहान मुलीनं भाबडं काही विचारावं तसे.

“मॅडम, श्रावणभर आमच्या घरात दुसरं काही शिजत नव्हतं. मला अंबाडी ओळखता येणार नाही?”

“मग?”

“मग काय. ओळखणं हे माझं काम नाही. माझं काम पकडणं. ओळखायला तुमच्यासारखी शिकलेली माणसं बसली आहेत ना प्रयोगशाळेत. त्यांचा रिपोर्ट आला की सुटतं माणूस.”

मी टेबलाजवळ गेले.

“सागपाणीची पण ओळखली होती?”

“कुठली?”

“सागपाणीची. ज्वारीच्या मधे ओळीनं पेरलेली अंबाडी. उपटून ढीग केला होता तुम्ही. ढिगामागं उभं राहून काढलेला फोटो पेपरात आला होता.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली ओळखपत्रावर गेली.

“जी. पी.,” ते म्हणाले. “गेमसिंग पावरा. तू त्याची पोरगी?”

“तुम्ही म्हणा.”

“बरं, तुम्ही.” त्यांनी खुर्ची मागे सरकवली. चेहऱ्यावर भीती नव्हती, शरम नव्हती. जुन्या बदलीच्या गावाचा माणूस भेटावा तसे ते बघत होते. “त्या वर्षी मोहीम होती, मॅडम. वरून केसेसचा आकडा आला होता. सगळ्यांनाच आला होता. आणि सुटला ना तो?”

“दोन पावसाळ्यांनी.”

“सुटला ना,” ते पुन्हा म्हणाले.

दोन पावसाळे बाप कच्च्या कैदेत होता. जमीन पडीक राहिली. आजी त्याची वाट बघत गेली. धाकटा भाऊ शाळा सोडून गुजरातेत ऊसतोडीला गेला, त्याच्या हातात पुन्हा पुस्तक आलं नाही. मग एक दिवस प्रयोगशाळेचा अहवाल आला की नमुना गांजाचा नाही, आणि कोर्टानं एका वाक्यात बापाला सोडलं. त्या वाक्यावर मी माझं आयुष्य उभं केलं होतं. साहेबाला झाड ओळखता आलं नाही, एवढंच झालं, असं मी धरून चालले होते. ओळखणारं कुणी तिथे असतं तर बाप घरी राहिला असता. म्हणून वनस्पतिशास्त्र घेतलं, म्हणून पानांवरची लव बघण्यात तरुणपण घालवलं. आणि तो माणूस अंबाडी खाऊन वाढलेला होता.

मी हात उगारला नाही. उगारायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

टेबलावरची जुडी उचलून मी प्रयोगशाळेत गेले. पान बघितलं, चित्र काढलं, निष्कर्ष लिहिला. मग डेव्हिएशन नोंदवलं. औषधाच्या कारखान्यात काही चुकीचं घडलं की त्याची अशी नोंद होते, आणि एकदा तिला क्रमांक पडला की मालकालासुद्धा ती खोडता येत नाही. मी लिहिलं, सुरक्षाप्रमुखांनी खाण्याची भाजी ओळखूनही ती संशयित माल म्हणून जप्त केली आणि निरपराध कामगार स्त्रीला अडकवलं.

गुर्जर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “परवा तपासणी आहे आणि तू घरचं भांडण कंपनीत आणतेयस?”

“घरचं नाही. फाटकावरचं आहे.”

“इतक्या बायकांची चूल या कंपनीवर पेटते, रमीला.”

“त्यातलीच एक तुम्ही केबिनमध्ये कोंडलीय.”

“तो म्हातारा माणूस आहे. बोलून गेला काहीतरी.”

“तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं,” गुर्जर म्हणाले. “म्हणून तर सांगतोय, मिटव.”

मी मिटवलं नाही.

तपासणीला दोघं आले होते. त्यातल्या प्रमुख बाई ब्रांट, पिकलेल्या केसांच्या, मितभाषी. त्यांनी नोंद वाचली, परत वाचली आणि शिसोद्यांना बोलावलं. शिसोदे इस्त्रीच्या सफारीत आले. त्यांनी नम्रपणे सांगितलं की दोन्ही पानं फार सारखी दिसतात, आपण काही वनस्पतितज्ज्ञ नाही, शंका आली म्हणून थांबवलं.

“त्यांना ओळखता येतं,” मी म्हणाले. “ते त्यांनी मला स्वतः सांगितलं.”

“तेव्हा आणखी कोण होतं?”

“मिस्टर गुर्जर होते.”

गुर्जरांनी पाण्याचा पेला भरला. “मी त्या वेळी फोनवर होतो,” ते म्हणाले. “माझं नीट लक्ष नव्हतं.”

मग छबूताईला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. शेजारी ठेकेदार उभा होता. “मला काय म्हाईत नाय,” एवढंच ती म्हणाली, आणि ते इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

संध्याकाळी निकाल वाचून दाखवला. खोल्या उत्तम, हवा उत्तम, चाचण्या काटेकोर. एक किरकोळ त्रुटी, सुरक्षा कर्मचाऱ्यांना वनस्पतीची ओळख नाही. उपाय, त्यांना प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षक, गुणवत्ता विभागप्रमुख.

गुर्जर इतके खूश झाले की त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणजे मी शिसोद्यांना अंबाडी शिकवायची होती. ब्रांटबाईंनी निघताना माझ्या कामाची तारीफ केली. मी धन्यवाद म्हणाले आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले. ओठ चावून रक्त आलेलं मला नंतर आरशात दिसलं.

प्रशिक्षण कँटीनमध्ये ठेवलं. बाकांवर सगळे गार्ड, पुढच्या बाकावर शिसोदे, हातात पेन. मागे भिंतीला टेकून गुर्जर. मी बाजारातून अंबाडीची जुडी आणली होती आणि आतून गांजाचं एक पान, सील केलेल्या पारदर्शक पाकिटात. दोन्ही टेबलावर ठेवली, आणि अंबाडीची फांदी हातात घेऊन शेवटच्या बाकापासून सुरुवात केली.

“ही काय आहे?”

“अंबाडी,” पहिला गार्ड म्हणाला.

“तुम्ही सांगा.”

“अंबाडीच की, मॅडम. देठ लालसर असतो, हाताला टोचतो.”

“तुम्ही?”

“अंबाडी. लसणाची फोडणी घालून भाकरीसंगं खातो आम्ही.”

एक वयस्क गार्ड हसत म्हणाला, “मॅडम, हे तर शेंबडं पोरगंबी सांगंल.” सगळे हसले. कुणी अडखळलं नाही. सगळे आसपासच्या खेड्यांतले होते. असं विचारत विचारत मी पुढच्या बाकापाशी आले.

“साहेब, ही काय आहे?”

“तुम्ही शिकवा, मॅडम. आम्ही ऐकतो.”

“आधी काय येतं ते कळल्याशिवाय शिकवता येत नाही. काय आहे ही?”

हसणं थांबलं. शिसोद्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण मागे कोण कोण बसलंय हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. येत नाही म्हणावं तर हाताखालची माणसं हसणार. येतं म्हणावं तर तपासणीत सांगितलेलं सगळं खोटं ठरणार. हयातभर त्यांनी लोकांना असेच प्रश्न विचारले होते, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत हे त्यांना चटकन कळलं.

“अंबाडी,” ते म्हणाले.

“कधीपासून ओळखता?”

“मॅडम, पुरे.”

“नोंद करायची आहे, साहेब. आधीपासून येत होतं की आज शिकलात?”

“रमीला,” मागून गुर्जर म्हणाले.

“तुम्ही फोनवर आहात, सर,” मी म्हणाले.

शिसोद्यांनी पेनाला टोपण लावलं. “लहानपणापासून,” ते म्हणाले.

मग मी त्या माणसांना सागपाणी सांगितलं. आवाज चढवला नाही. कुठलं शेत, कुठलं पीक, कोणाला नेलं, तो किती काळ आत राहिला, मागे कोण मेलं, कोणाची शाळा सुटली. बापाचं पूर्ण नाव घेतलं. नेणाऱ्या साहेबाचं पूर्ण नाव घेतलं. ‘सुटला ना’ हे त्यांचे शब्द त्यांच्याच स्वरात सांगितले. शिसोदे उठून जाऊ शकले असते. गेले नाहीत. मला वाटतं, उठलं तर सगळ्या बाकांमधून चालत दारापर्यंत जावं लागलं असतं, म्हणून बसून राहिले.

दिवाळीच्या आधी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून नोकरी सोडली. कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं. गुर्जरांना मोठी जागा मिळाली. छबूताईला ठेकेदारानं दुसऱ्या कारखान्यात पाठवलं, झाडलोटीला. मी तिला थांब्यावर गाठून म्हटलं की तुम्हाला परत आणते. ती म्हणाली, “नको, मॅडम. भांडण तुमचं होतं. मी नुसती भाजी आणली होती.”

दिवाळीला मी सागपाणीला गेले. बाप ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसला होता. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. सांगायच्या आधी मला धास्ती होती. त्या माणसाला ठाऊक होतं, हे ऐकून म्हाताऱ्याला काय होईल?

“मला माहीत होतं,” बाप म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“त्यानं गाडीतच सांगितलं होतं. भाजीच आहे रे, सुटशील, घाबरू नको.”

“पहिल्याच दिवशी?”

“पहिल्याच दिवशी.”

“आणि बा, तू मला कधी बोलला नाहीस?”

“तू म्हणत होती, मोठी झाली की साहेब लोकांना झाडं शिकवीन. दिवा लावून वाचू राहिली होती. मी काय सांगू तुला, त्याला येतं म्हणून?”

मी बापावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाले, मी त्या माणसाला रोज हात जोडले, बा, रोज सकाळी. चुकलेला माणूस समजून जोडले. त्यानं ओरडू दिलं. मी थांबल्यावर विचारलं, “सगळ्यांसमोर बोलला तो? त्याच्या तोंडानं?”

“हो.”

“त्याच्या हाताखालच्या लोकांसमोर?”

“हो. तुझं नावही घेतलं मी.”

बापानं कणीस खाली ठेवलं. तुरुंगातून आल्यावरही तो शिसोद्यांना ‘साहेब’च म्हणायचा. त्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती, अगदी बैलालाही नाही. आता त्यानं शिवी दिली. आमच्या पावरी बोलीत, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. आधी त्या माणसाला, मग त्याच्या मोहिमेला, मग वरून आलेल्या आकड्याला आणि तो पाठवणाऱ्याला. आवाज चढत गेला. समोरच्या घरातली माणसं अंगणात आली. आई चुलीपुढून उठून दारात आली आणि घाबरून म्हणाली, “आवर ना. लोक ऐकू राहिले.”

“ऐकू दे,” मी म्हणाले.